लस देणाऱ्याची सही

अर्ज अकरा पानांचा आहे.
पहिली तीन एका बैठकीत भरून झाली:
नाव वेन्ला, जन्म कोक्कोलाचा,
वजन, उंची, शाळा,
आधीचे आजार नाहीत.
कांजिण्या लिहायच्या का? लिहिल्या.

चौथ्या पानावर विचारलंय,
पहिलं लक्षण कोणत्या तारखेला दिसलं.
जणू झोपेनं दारावरची घंटा वाजवली,
बूट काढून पायपुसण्यावर ठेवले
आणि म्हणाली, आले बरं का मी.

डिसेंबर असेल.
आमच्या फिनलंडात डिसेंबरात सगळीच मुलं पेंगतात,
सूर्य दहानंतर येतो, तिन्हीसांजा तीनलाच होतात.
रात्री लवकर झोपत जा, मी तिला म्हणाले होते.
शाळेची परिचारिका आहे मी,
आणि मी असं म्हणाले.

वकीलबाई हाकुलिनेन सांगतात,
आठवण चालत नाही, कागद चालतो.
म्हणून तळघरातलं खोकं उघडलं.
स्कीच्या शर्यतीची चिठ्ठी: शेवटून दुसरी,
आदल्या वर्षी चौथी.
ओइवानं, तिच्या भावानं, फोनवर घेतलेलं चित्रण:
वेन्ला बाबांच्या विनोदावर हसते
आणि हसता हसता गुडघे मिटतात तिचे
घडीच्या खुर्चीसारखे.
चित्रणात आम्ही सगळेच हसतोय.
माझा आवाज सगळ्यात मोठा.

मग गणिताची वही.
भागाकार. सातचा भाग लागतो, चार उतरतात,
बाकी लिहिता लिहिता पेन्सिल सैलावते,
रेघ घसरत जाते
समासाबाहेर, पानाबाहेर.
खाली लाल शाईत सव्वीस जानेवारी
आणि शेरा: लक्ष दे, वेन्ला.
हाकुलिनेनबाईंनी ते पान दोन्ही हातांत धरलं.
म्हणाल्या, हे सोनं आहे.
मला त्यांचा राग आला.
मग मीच त्याच्या चार प्रती काढून आणल्या.

डॉक्टरांनी समजावलं होतं:
जागं ठेवणाऱ्या काही हजार पेशी असतात मेंदूत,
पहाऱ्यावरच्यांना ओळख पटली नाही,
त्यांनी घरच्याच माणसांना चोर समजून ठेचलं.
पहारेकरी इमानी होते, हीच तर पंचाईत.

सातव्या पानावर अपंगत्वाचे टक्के.
झोपेचे मिळतात, शाळा बुडाल्याचे मिळतात.
कुणी विनोद सांगायला लागलं
की ती हळूच उठून मोरीत जाते,
नळ सोडते, तो संपेपर्यंत थांबते,
याला रकाना नाही.

नववं पान: लस देणाऱ्याचे नाव व पद.

व्यायामशाळा. वर दोर गुंडाळून टांगलेले.
बाह्या सरसावून रांगेत दोनशे बारा मुलं,
माझ्याकडे चिकटचित्रांचा डबा, कोल्हे संपून फक्त बेडूक उरलेले.
वेन्ला एकशे एकोणिसावी.
आई, तुझे हात गार आहेत, म्हणाली.
पुढचा, म्हणाले मी.

दोष कुणाचा हे इथे विचारत नाहीत,
हाकुलिनेनबाई म्हणतात, नुसती नोंद असते.
विचारलं असतं तर बरं झालं असतं,
काहीतरी उत्तर तरी द्यावं लागलं असतं.

ओइवाची धनुर्वाताची मात्रा एप्रिलात होती.
तीही मीच दिली. देणं बरोबरच होतं,
आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.
त्या दिवशी मात्र बेसिनपाशी उभी राहून
हात गरम पाण्याखाली धरले होते,
बराच वेळ.

सिर्क्कू नीमेला, शालेय परिचारिका.
सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

आता फक्त अकरावं पान,
अर्जदाराची सही.
पेन हातात आहे तिच्या, टोपण उघडलेलं,
गाल बरोबर ठिपक्यांच्या रेघेवर.
रात्रभर तीही जागीच असते, मीही;
तिला दिवसा तरी डोळा लागतो.
टपाल पाचला निघतं.
चार चाळीस झालेत.
कागद ओढला तर फाटेल,
म्हणून मी बसून आहे.