दोन नंबरची खोबण

नारानतूल बाजारात त्यानं आधी महागडा माइक दाखवला.
सोनेरी पडद्याचा. म्हणाला, याला सगळं ऐकू येतं.
सगळं म्हणजे?
त्यानं हेडफोन माझ्या कानांवर चढवले
आणि मला तीन गल्ल्यांपलीकडचा कुत्रा ऐकू आला,
कुणाच्या तरी खिशातल्या चाव्या,
खुद्द विक्रेत्याच्या पोटातली भूक.
नको, म्हटलं. आमच्या टेकडीवर रात्रभर कुत्रीच बोलतात.
मला असा दे, थोडा बहिरा,
जो जवळ येईल त्याचंच ऐकणारा.

खालच्या खोक्यातून निघाला:
काळा, जड, पोचा आलेली जाळी,
कुठल्याशा कराओके बारमधून सुटका झालेला.
याच्यापासून चार बोटांवर तोंड, तो म्हणाला,
मुका घ्यायच्या बेतात, पण घ्यायचा नाही.
सोबत इंटरफेसची पेटी, निम्म्या किमतीत,
कारण एक नंबरची खोबण मेलेली.
दोन नंबरची चालते.
बोलणारी मी एकटी. एक खोबण पुरे.

भिंतींना काही लावावं लागलं नाही.
शहरातले लोक फोम आणतात, अंड्यांचे ट्रे चिकटवतात;
आमचं गेर मेंढ्यांनीच गुंडाळलेलं,
नमद्यात शब्द बुडाला की परत येत नाही.
पण घर गोल.
गोल घरात आवाज मधोमध जमतो, शेगडीपाशी,
थंडीतल्या माणसांसारखा.
म्हणून मी पूर्वेला सरकले, भांड्यांच्या बाजूला,
भांड्यांवर रजई.
माइकचा लोखंडी हात खांबाला कसायला गेले
तर सासूबाई कडाडल्या:
खांबाला कुणी टेकतसुद्धा नाही,
आणि तू त्याला चावा घ्यायला लावतेस?
मग तो शिवणयंत्राच्या फळीला चावला.
'ब' फुटत होता. नवऱ्याच्या नावात नेमका 'ब'.
भरतकामाच्या कड्यात पायमोजा ताणून
त्याच्या नावापुढे धरला.

राहिली शेगडी. ती तडतडते.
विझवावी, तर बाहेर उणे एकतीस.
तेव्हा असं: घर आधी भट्टीसारखं तापवायचं,
कोळसा खाली बसू द्यायचा, देल चढवायचा,
लाल बटण दाबायचं
आणि ऊब संपेपर्यंत बोलायचं.
तुझा भाग बरोबर चाळीस मिनिटांचा असतो, लोक म्हणतात.
ते मी ठरवलेलं नाही.

ऐकणारे सीमेवरच्या रांगेत, कोळशाच्या ट्रकांत,
आठ-आठ दिवस एकाच जागी.
त्यांना सांगते: कुठल्या गल्लीत पाणी गोठलं,
कुणाच्या पोराचा दात पडला,
आणि सासूबाईंची एक शिवी, दर आठवड्याला नवी.

एकोणिसाव्या भागानंतर दाश्न्यामचा निरोप आला:
वहिनी, माझा उजवा स्पीकर फुटलाय.
तुझे सगळे भाग मला कोरे ऐकू येतात.

तेव्हा कळलं. दोन नंबर म्हणजे उजवा कान.
एकोणीस आठवडे मी फक्त उजवीकडून बोलत होते.
शेगडी विझलेली, तरी कानशिलं तापली.
एका चौकटीत खूण करायची होती. मोनो.
केली.

बात्खुयागचा फोन आला, मधे वारा.
काय केलंस?
दुरुस्त केलं.
बरं, म्हणाला. इंजिन घरघरत राहिलं.
इतके दिवस शेजारच्या सीटवर होतीस.
मी तिथलं सामान मागे टाकलं होतं.
आता समोर काचेवर आलीस. रस्ता दिसत नाही.

म्हणून हल्ली दोन फायली पाठवते.
एक सगळ्यांना. एक त्याला, जुनी चूक तशीच ठेवून.

दाश्न्यामला विचारलं,
काही ऐकू येत नव्हतं तर एकोणीस भाग लावलेस कशाला?
म्हणाला, सगळे लावायचे.
रांगेतले सगळे ट्रक एकदम हसायचे, वहिनी.
काचेतून दिसायचं.
मीही हसायचो.