उद्यमबाग, पोर्ट एकवीस

अकरा वर्षं हा सर्व्हर
दार वाजवणाऱ्याला आधी आपली आवृत्ती सांगायचा,
मग म्हणायचा, या.
नाव 'अ‍ॅनॉनिमस', पासवर्ड काहीही.
होसूरच्या पार्टीला ड्रॉइंग न्यायला
दोन दिवसांपुरतं उघडलेलं म्हणे.

आणि चालायचा रूट म्हणून,
फौंड्रीच्या सगळ्या किल्ल्या कमरेला.

पॅच चढवला. किल्ल्या काढून घेतल्या.
आता तो 'नोबडी' आहे,
एकाच खोलीला जग समजणारा.

"काय करालाय ओ एवढ्या रात्री?" भरमाण्णा विचारतो,
चहा ठेवतो, गेटची कडी पुन्हा हलवून बघतो.

लॉगमध्ये ३:१२ ला कुणीतरी आलं, परतलं.
३:१४. ३:१५.
पावणेसहाला फोन,
खानापुरातून बस्त्याव पॅटर्नवाला:
"बाई, मला पण आत घेईना की ओ."