पंखा एकवर

रात्री पावणेदोनला रुंजी म्हणाली,
बाबा, गरम होतंय.
मी उठून पंखा एकवर लावला.
सव्वादोनला अद्वय काहीच म्हणाला नाही,
नुसता सरकत सरकत माझ्या बरगडीत शिरला,
गार टाचा पोटाला लावून.
मी उठून पंखा बंद केला.

घणसोलीत फेब्रुवारी असाच येतो,
घरातल्या सगळ्यांना एकदम पटत नाही.

सकाळी खाडीच्या बाजूला पांढरं काहीतरी.
धुकं, की कंपन्यांचा धूर,
यावर तळमजल्याचे देशमाने
रोज वेगळं मत देतात.
रुंजी बादलीत एक बोट बुडवते, निकाल देते:
अजून.
फ्रिजवर वृषालीची चिठ्ठी, रात्रपाळीला जाताना लिहिलेली,
नर्सच्या घाईच्या अक्षरात:
अद्वयच्या नाकात थेंब. रुंजीची चित्रकलेची वही.
हलव्याचा डबा वर ठेवलाय, बोलू नकोस.

वहीत तीन ऋतू काढायचे होते.
पावसाळ्यात छत्री, उन्हाळ्यात आंबा.
हिवाळ्याच्या चौकटीत हिने काढलाय पंखा
आणि त्यावर फुली.
बाईंनी लाल पेनाने विचारलंय, शेकोटी?
आपल्याकडे शेकोटी नसते ना, ती मला म्हणते,
ती वॉचमनकाकांकडे असते.
खरंय. पार्सलांचे रिकामे खोके जाळतात ते,
आमच्याच नावाचे, आमच्याच पत्त्याचे.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी अद्वयचं बोरन्हाण झालं.
काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचेच बाजूबंद.
डोक्यावरून ओतली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे,
आणि सोसायटीची सगळी पोरं
त्याच्या पायांशी तुटून पडली.
आधी गोळ्या संपल्या. बोरं शेवटी
मोठ्यांनीच वेचली.
हा रडलाबिडला नाही,
मुकुट कपाळावर ओढून चाटत बसला.
तेव्हापासून हलवा सापडतोय.
सोफ्याखाली, माझ्या बुटात,
वॉशिंग मशीनच्या रबरात.
मुंग्यांना आमच्या आधी.

साडेनऊला वृषाली आली.
सँडल न काढता तशीच टेकली दाराशी,
आणि अद्वयने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं,
जणू ती नुसती दूध आणायला गेली होती.
थंडी संपली आता, ती म्हणाली,
बस स्टॉपवर एकानेही मफलर बांधला नव्हता.

मग तिने स्वेटर काढले, धुवायला, ठेवून द्यायला.
झोप सोडून. मी काही बोललो नाही.
निळा, तलावपाळीच्या फुटपाथवरून अडीचशेला घेतलेला,
रुंजीचा होता, पुढच्या वर्षी अद्वयला होईल.
पिवळा अद्वयचा.
बाह्या कोपराच्या जरा पुढे येऊन थांबतात.
पिवळ्यानंतर
आमच्याकडे कुणी नाही.

तिने पिवळ्याची घडी घातली, उलगडली,
परत घातली.
देऊन टाकू या का कुणाला?
ठेव, मी म्हणालो.
कशासाठी?
स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.
मी उगाच मोजायला लागलो,
एक.
ती माझ्याकडे बघत होती,
मी कुकरच्या दिशेने.
दोन.

अद्वयने दरम्यान खिशात हात घातला.
पिवळ्या स्वेटरला एक खिसा आहे,
शोभेचा, त्यात फार तर एक बोट जातं.
बोटाला चिकटून आला हलव्याचा दाणा,
काटे झिजलेला, लोकरीने माखलेला.
त्याने तो आमच्या दोघांसमोर तोंडात टाकला.
चोखला.
लोकर थुंकली वृषालीच्या युनिफॉर्मवर
आणि बोट पुन्हा आत घातलं,
अजून आहे का बघायला.

शी, बाळा, असं ती म्हणाली,
पण खिसा
तिनेच दोन बोटांनी त्याच्यासाठी उघडा धरला.

स्वेटर अजून धुतलेला नाही.
कपाटात नाही, पिशवीत नाही,
खुर्चीच्या पाठीवर आहे, आठवडा झाला.
काल दुपारी रुंजीने तो बाहुलीला घातला.
बाहुलीला मोठा होतो.

आज रात्री पंखा एकवर आहे.
अद्वय पांघरुणाबाहेर.
दोनवर करू का, मी अंधारात विचारतो.
नको, वृषाली म्हणते,
थांब जरा.