पालथा हात

घणसोलीत, हाय-टेन्शनच्या तारांखाली,
जिथं घर बांधता येत नाही
तिथं आमची पत्र्याची शेड.
गाडी आली की हिराजी मढवी
रंग बघत नाही, मॉडेल विचारत नाही.
हात पालथा करून बॉनेटवर ठेवतो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
तीन श्वास.
तळवा खोटं बोलतो, म्हणतो,
तळव्याला कामाची सवय झालेली असते.

बाटलीवर छापलंय: दहा ते तीस अंश, सावलीत.
कुठल्या तरी थंड गावात भरली असणार.
इथं एप्रिलात सावलीच पस्तिसाची,
आणि उन्हातल्या काळ्या टपावर
तांदळाची भाकरी टाकली तर फुगेल.

देवस्थळी बाई आल्या त्या अशा एका दुपारी, दीड वाजता.
लहान मुलांच्या डॉक्टर, वाशीच्या.
गाडी काळी, संध्याकाळी भाचीचं सीमांतपूजन,
हिराजी जेवायला गेलेला.
मी म्हटलं, तासभर सावलीत राहू दे.
त्या म्हणाल्या, तासभर असता
तर स्वतःच पुसली नसती का?
मला लागून महिना झालेला.
नाही म्हणायची जीभ अजून फुटली नव्हती.

फवारा मारला.
थेंब टेकला, पसरणार
तोवर त्यातलं पाणी उडून गेलं.
चमक आणणारं जे काही होतं ते राहिलं मागं,
पण जिथं पडलं तिथंच, ठिपक्या-ठिपक्यानं.
फडकं पोचेस्तोवर उशीर.
घासलं, तर पांढरे ओघळ.
अजून घासलं.
देवी येऊन गेल्यासारखं दिसत होतं बॉनेट
आणि बाई माझ्याकडे बघत होत्या
इंजेक्शन चुकलेल्या नर्सकडे बघावं तशा.

हिराजी हात पुसत आला. ओरडला नाही.
गाडी आत ढकलायला लावली.
बॉनेट उघडलं, इंजिनाची वाफ जाऊ दे म्हणाला.
पाणी मारलं, पण गाडीवर नाही, खालच्या लादीवर,
आणि टेबलफॅन लावला तिच्या तोंडाशी.
बाई उलट्या बादलीवर बसल्या, ताक प्यायल्या.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
मी आयांना रोज सांगते,
तापलेल्या मुलाला एकदम गार पाण्यानं पुसू नका.
कोणी ऐकत नाही.

हिराजी मग हिवाळ्याचं सांगत बसला.
पौषात पारसिकवरून गारठा उतरतो,
पत्रा दवानं भिजलेला, बाटलीतलं औषध सुस्त.
फवारा कसला, थुंकल्यासारखं पडतं,
आणि वाळत म्हणून नाही.
पुसावं तर नुसतं पुढं सरकतं तेलकट,
पंगत उठली तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
आणि जुलैत हवाच इतकी प्यालेली असते...
वर्षातले साठ दिवस आपलं काम, बाई.
बाकी सगळी समजूत घालणं.

पाऊण तासानं त्यानं हात पालथा केला.
मग मला ठेवायला लावला.
मग बाईंनीही ठेवला, न सांगता,
आणि त्यांचा हात सगळ्यांत जास्त वेळ राहिला.

मला वाटलं आता दुसरी बाटली काढेल,
डाग काढायची काही तरी वेगळी, महाग.
त्यानं तीच उचलली.
फवारा गाडीवर नाही, फडक्यावर.
ज्यानं डाग धरला त्यालाच सोडू दे म्हणाला.
वीतभर जागा, पुसायची,
फडकं उलटवायचं, कोरड्या बाजूनं परत.
ठिपके आपल्याच औषधात विरघळत गेले.
बॉनेटमध्ये तारा दिसायला लागल्या,
तारांवर बसलेले दोन बगळेसुद्धा.

बाई सीमांतपूजनाला उशिराच पोचल्या असणार.

उजव्या मागच्या दाराच्या कडेला
एक ठिपका तेव्हा राहून गेला, मोहरीएवढा.
अजून आहे. त्यांना माहीत नाही.
गाडी आत आली
की मी आधी तोच बघतो,
मग हात पालथा करतो.