आठ ओहम

स्वयंपाकघरातही गाणं हवं, एवढंच म्हणाले होते मी.
जयवंत लगेच उठला, हडर्सफील्डच्या बाजारात जाऊन
चॅरिटी शॉपमधून नऊ पौंडांत स्पीकरची जोडी घेऊन आला.
जाळीला कुणाच्या तरी सिगारेटींचा वास,
पाठीवर बारीक अक्षरांत: आठ ओहम.

त्याने वाचलं नाही.
वाचायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे,
कौन्सिलची पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या.
तो वायर दातांनी सोलतो.
जुन्या दोघांच्याच भोकांत
नव्या दोघांच्या तारा कोंबल्या त्याने
आणि म्हणाला, झालं.

झालंच होतं. आमटीला फोडणी देताना
सनई आली थेट फ्रिजवरून.
मोहरी करपली, तरी मी उभीच.

चाळीस मिनिटांनी ॲम्प्लिफायर तापला.
तापला म्हणजे, त्यावर झोपलेली मांजर
उठून चालती झाली,
आणि ती रेडिएटरवरूनही कधी हलत नाही.
मग वास, इस्त्रीखाली बटण सापडल्यासारखा.

प्लग काढ, मी ओरडले.
आवाज नको कमी करत बसू, प्लग!

शेजारचे कीथ आर्मिटेज आले, पायात घरातल्या सपाता,
हातात मीटर. गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, गिरणी होती तोवर.
मागे वाकून बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, आठावर आठ समांतर लावलेत, त्याचे झाले चार.
या बिचाऱ्याला वाटतंय दार सताड उघडं आहे.
तो ओततच राहणार.
थांबायचं कुठे, हे या जुन्या यंत्रांना कुणी शिकवलेलं नसतं.

ते इंग्रजीत बोलले, मला ऐकू आलं मराठीत:
विट्याची शाळा, नववी ब, घाटगे बाई
फळ्यावर रोधाची नागमोडी रेघ काढतायत,
खडू मोडतोय.
एकसर जोडणी. समांतर जोडणी.
रोध कमी तर धारा जास्त, लिहून घ्या, परीक्षेला येतं.
आलं होतं. पाचपैकी पाच.
पुढे तेवीस वर्षं इन्फर्मरीत रात्रपाळ्या,
जिला सुट्टी हवी तिच्या बदली मी,
नाताळला मी, कुणाचा मुलगा आजारी तेव्हा मी.
झाकणावर हात ठेवून कुणी बघितलं नाही.
बाईंनी हे उदाहरण दिलं नव्हतं.

एकामागून एक जोडा, कीथ म्हणाले,
आठ नि आठ सोळा, यंत्र निवांत,
आवाज मात्र थोडा पडेल.
नाहीतर एक डबा मिळतो, मधे बसवायचा,
आत मुद्दाम घातलेला थोडा अडसर.
मी डबा मागवला.

बुधवारी आला. या वेळी मी जोडलं.
प्लग भिंतीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला.
तारेचे केस वातीसारखे वळले, घट्ट,
एकही शेजारच्या खुंटीला शिवू नये म्हणून
चष्म्यावर आणखी भिंग धरलं.
लाल लालला, काळी काळीला.
एकच वायर जयवंतने लावली, ती उलटी.
सनई ठीक, पण डग्गा नाहीसा.
एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, कीथ म्हणाले,
मधल्या मधे खर्ज मरतो.
आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

आता तास झाला. झाकण कोमट.
मांजर परत वर, एक पाय डब्यावर टाकून.

रविवारी दारात कीथ, हातात रिकामी बशी,
आमच्या चकल्यांची.
फ्रिजवरचा तो जरा डावीकडे सरकवाल का, म्हणाले,
त्या भिंतीपलीकडे माझी खुर्ची आहे.
सरकवला.
मीटर त्यांच्या खिशात होता बहुतेक.
भिंतीचा रोध किती, ते त्यांनी काही मोजलं नाही.