तिरका उजेड

नवी भिंत तहानलेली असते, बाप म्हणतो.
आधी प्रायमर पाजला नाहीस, तर रंग घटाघट पिईल,
आणि सांधा न् सांधा मोजता येईल
खाणीतल्या घोड्याच्या बरगड्यांसारखा.

ग्लेस बे, नोव्हेंबर. समुद्राच्या अंगाची खोली.
आईचा खुबा मोडला, तिच्यापुरता जिना संपला,
म्हणून जिथे बूट, लॉबस्टरचे पिंजरे
आणि कोणाचेच नसलेले स्केट्स पडून असत
तिथे आता तिचा पलंग येणार.

तक्ते आम्ही दोघांनी चढवले.
करडा कागद, त्यावर स्क्रूंची डोकी, शेकड्यांनी.
तो पात्याची कड त्यांच्यावरून ओढत जातो, मान कलती करून.
टिक् झालं की थांबतो, अर्धा पीळ देतो.
खाणीत छत असंच वाजवून ऐकायचे:
भरीव बोललं तर पुढे, पोकळ बोललं तर मागे.
इथे ऐकण्यासारखं काही नाही. सवय आहे.

मग लांबी. लापशीहून घट्ट, लोण्याहून सैल.
सांध्यात भरायची, तीत कागदी पट्टी निजवायची,
पट्टीखालचा वारा पात्याने निपटून काढायचा.
हा पहिला हात.
दुसरा रुंद पात्याने. तिसरा त्याहून रुंद,
इतका पातळ, की दिलाय की नाही असं वाटावं.
दोन हातांमध्ये एक अख्खा दिवस,
इथल्या धुक्यात दोन.

मी अठरा वर्षं अल्बर्टात काढली,
तिथे वाट पाहायला पैसे पडतात.
मी हीटर लावला.
सकाळी भेगा, केसासारख्या.
तो काही बोलला नाही.
खरवडायचं पातं माझ्याकडे सरकवलं.

घासायच्या दिवशी तो मास्क लावेना.
"एकोणतीस वर्षं काळी खाल्ली," म्हणाला, "आता थोडी पांढरी."
जेवायला आला तेव्हा भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या
सगळं पिठात.
आई वॉकर धरून हसली, खुबा दुखला तरी हसली:
"रॅनी, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली,
कामावरून पांढरा पहिल्यांदाच आलास."
आणि तिनेच मास्कचं रबर त्याच्या कानामागे अडकवलं,
जरा जोरातच.

रात्री त्याने खोलीतला बल्ब मालवला.
हेल्मेटवरचा जुना दिवा काढून
भिंतीला गाल लावावा तसा धरला.
समोरून उजेड पडला की सगळंच सपाट,
तिरका टाक, मग बघ.
आणि निघाल्या: टेकड्या, ओहोळ,
माझ्या अंगठ्याचा ठसा,
त्याचा हात थरथरला होता तिथली लाट.
तो एकेकीभोवती गोल काढत गेला,
तिच्या, माझ्या, एकाच पेन्सिलीने
म्हणजे माझ्या आणि त्याच्या; आईचं इथे काहीच चुकलेलं नव्हतं.

कोपऱ्यात, जमिनीपासून दीड हातावर, आणखी एक.
"राहू दे," मी म्हटलं, "पलंगाआड जाईल. कोणाला दिसतंय?"
"तिला," तो म्हणाला. "ती भिंतीकडे तोंड करून निजते."

गुडघे वाजवत खाली बसला.
दिवा माझ्या हातात आला. वाटलं होतं त्याहून जड.
झोतात धूळ तरंगत होती,
त्याचा श्वास तिला आत ओढत होता, बाहेर लोटत होता,
बारीक शीळ घालत.
मी उजेड भिंतीवरून थोडा त्याच्याकडे सरकवला.
"हलवू नकोस," तो म्हणाला.