व्हर्लिनच्या झऱ्यावर

व्हर्लिन टॅकेट फाटक उघडून देतो, बोलत नाही.
त्याच्या गायी बोलतात.
मँचेस्टरपासून नऊ मैलांवर
(टेनेसीतलं मँचेस्टर, ते दुसरं नव्हे)
कुरणाच्या खळग्यात, चुनखडीच्या एका भेगेतून
पाणी वर येतं, आवाज न करता,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.

दोन खाटा मावतील एवढंच डबकं.
कडेनं वॉटरक्रेस,
चावलं तर कोवळ्या मोहरीसारखं झोंबतं.
आणि पाण्याच्या अगदी सालीला चिकटून
तो :
बॅरन्स टॉपमिनो.
माझ्या करंगळीहून जरासा लांब.
नराच्या अंगावर मोरपिशी शिंतोडे, त्यात शेंदरी ठिपके,
लग्नघरातून पळून आल्यासारखा.
ह्या पठारावरचे मोजके झरे सोडले
तर त्याला जगात घर नाही.

कमरेपर्यंत रबरी विजार घालून
मी जाळं फिरवते, बादलीत मोजते.
आज सतरा.
गेल्या ऑगस्टात एकेचाळीस.

दुसऱ्या बादलीत गंबुशिया.
दोनशे अकरावर मी मोजणं सोडलं.
राखाडी, साधा, हजेरीपटावरच्या कारकुनासारखा.
माद्या सगळ्या पोटुशा.
टॉपमिनोची पिल्लं शेवाळातून बाहेर पडली
की हे गिळतात,
मोठ्यांच्या शेपट्या कुरतडतात,
आणि कुणावर राग असा नसतोच त्यांचा.

"काउंटीची गाडी आली होती,"
व्हर्लिन अखेर बोलतो,
"मी पोरगा होतो. डासांसाठी म्हणाले. फुकट दिले."
मग तो कुंपणाची तार ओढून बघत राहतो,
जणू चूक तारेची होती.

मी त्याला सांगत नाही
की माझे बाबा ती गाडी होते.

म्हणजे, सायकल.
गडचिरोलीत, हिवताप विभागात,
कॅरिअरला बांधलेला पंधरा किलोचा तेलाचा डबा,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं,
आत हेच, असेच, डुचमळत.
प्रत्येक बोडीत एक मग, प्रत्येक विहिरीत अर्धा,
आणि घराच्या भिंतीवर गेरूनं तारीख.
पोरं मागं धावायची : मासेवाले, मासेवाले.
एका पावसाळ्यात धानोऱ्याकडच्या एका टोल्यात
सात पोरं तापानं गेली होती.
पुढच्या वर्षी बाबा तिथं चारदा गेले.
त्या वर्षी एकच.
ते "एकच" त्यांनी कधीही
आनंदानं उच्चारलेलं मला आठवत नाही.

रात्री फोन लावते.
त्यांना ऐकू कमी येतं, मला ओरडून सांगावं लागतं,
शेजारच्या खोलीत भाडेकरू भिंत ठोकतो.
"माहेवालेच का ते?" बाबा विचारतात.
"तुमचे इथूनच आले होते, बाबा.
हे त्यांचं माहेर. पण ह्या झऱ्यात नव्हते ते.
खाली, मोठ्या नदीकडं."
"हाव," म्हणतात.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"आपल्या बोडीत पहिले एक मासा राहे,"
ते हळूच म्हणतात, आणि मला कान लावावा लागतो.
"वरवरच फिरे. डोक्यावर चांदीची टिकली.
तोही अळ्या खायचा, मी पायलं होतं.
आमच्या फॉर्मात त्याचा रकाना नव्हता."

"मग कुठं गेला?"

"कोणं मोजला, बाई."

सकाळी पुन्हा फाटक.
दंव पडलेलं, व्हर्लिनच्या थर्मासमधली कडू कॉफी,
गायींच्या नाकातून वाफ.
मी फॉर्म काढते : तारीख, तापमान, टॉपमिनो, गंबुशिया.
समासात, जिथं काहीही लिहायचं नसतं,
पेन्सिलीनं एक ठिपका देते.
मग जाळं पाण्यात सोडते.

अठरा.
बहुतेक काल एक चुकला असेल.